दिवाडीला मंडळी लावायची का? पाहणीचा एक रविवार

पणजीतल्या आमच्या मराठी ख्रिस्ती मंडळीची, म्हणजे एकत्र उपासना करणाऱ्या भाविकांच्या समूहाची, उपासना रविवारी सकाळी आठला असते. सभागृह भाड्याचं आहे आणि दहानंतर ते दुसऱ्यांना लागतं, म्हणून वेळ पुढे ढकलता येत नाही. मांडवी नदीतल्या दिवाडी बेटावरची तीन घरं या उपासनेला येतात. त्यांतलं एक जालन्याकडचं, दोन नगरकडची. कामं गवंड्याची आणि बंद घरांच्या राखणीची. आणखी दोन घरं बेटाच्या उत्तरेला, नदीपलीकडच्या नार्वेत आहेत. दिवाडीला स्वतंत्र मंडळी लावावी का, याची पाहणी करून या, असं मंडळीचा कारभार पाहणाऱ्या वडीलमंडळाने सांगितलं आणि आम्ही तिघे एका रविवारी निघालो. पाहणी रविवारीच करायची, कारण ज्या दिवशी उपासना होणार त्या दिवशीचं बेट पाहिल्याशिवाय काही कळत नाही. मधल्या वारी फेरीबोट वेगळी असते, रस्ते वेगळे असतात, माणसांची सवडही वेगळी.

पहाटे सहाच्या आधी आम्ही जुने गोवे इथल्या धक्क्यावर होतो, व्हाइसरॉयच्या कमानीखालून रस्ता सरळ नदीत उतरतो तिथे. पायी माणसाला तिकीट नाही आणि पार व्हायला पाच-सात मिनिटं लागतात. नकाशावर पाहिलं तर दिवाडी पणजीच्या अंगणात आहे. पण पलीकडे बोट लागली तेव्हा ती उताराच्या अगदी खालच्या टोकाला टेकली. पाणी ओसरलेलं होतं. उताराचा खालचा बराच भाग उघडा पडला होता आणि त्यावर हिरवं, बुळबुळीत शेवाळ. आमच्यातला एकजण चप्पल घालून आला होता. त्याला हात धरून वर आणावं लागलं. समोरून चढणारे स्कूटरवाले दोन्ही पाय जमिनीला घासत, इंचाइंचाने बोटीत उतरत होते.

तिथे उभं असतानाच हजेरीवही आठवली. तिन्ही घरं गेले दोन महिने साधारण एका रविवारआड येत होती. वडीलमंडळात यावर बोलणं झालं होतं आणि आम्ही ते विश्वासातल्या ढिलाईच्या खात्यात टाकलं होतं. त्या दिवशी पौर्णिमा होती.

कोकणपट्टीवर भरतीचा जुना हिशेब आहे: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ येते. खाडीत आत गेलं की थोडा फरक पडतो, पण अंदाजाला हा हिशेब पुरतो. पौर्णिमेला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, म्हणजे ओहोटी पहाटे पाचच्या सुमाराला आणि पुन्हा संध्याकाळी साडेपाचच्या आसपास. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळी सहाला धक्का भरलेला. शिवाय पौर्णिमा-अमावास्येला उधाण असतं, पाणी जास्त चढतं आणि तितकंच जास्त उतरतं. अष्टमीच्या भांगेला चढउतार कमी. भरतीची वेळ रोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते, म्हणून सात दिवसांत ती जवळजवळ सहा तासांनी बदलते. एका रविवारी सकाळी सव्वासहाला भरती असेल, तर पुढच्या रविवारी त्याच वेळी ओहोटी. पंधरवडा पुरा पंधरा दिवसांचा नसतो, त्यामुळे हे चक्रही हळूहळू घसरतं आणि दोन-अडीच महिन्यांत रविवार मधल्या तिथ्यांवर येतात. आठची उपासना गाठायला सव्वासहाची फेरी, उतरून बस आणि पुढे पणजीपर्यंत साधारण दहा किलोमीटर. गैरहजेरीच्या तारखा पंचांगाशी लावून पाहिल्या. बहुतेक सगळ्या पौर्णिमा-अमावास्येच्या आजूबाजूच्या होत्या.

जालन्याच्या घरातल्या आजींना विचारलं, तेव्हा त्या सहज म्हणाल्या, "पुनवेला अन् आमुशाला म्या उतरतच न्हाई, पाळकसाहेब. शेवाळ असतंय. पोरगं म्हणतं, मग आमीबी ऱ्हातो." एवढी साधी गोष्ट दोन महिने आम्ही त्यांना विचारली नव्हती. मंडळीचा हिशेब ठेवणाऱ्या प्रत्येकाला मी हे आवर्जून सांगतो: गैरहजेरीचं कारण लिहिण्याआधी त्या माणसाच्या वाटेने एकदा चालून या.

बेटावर आम्ही पायी फिरलो. पिएदादची टेकडी, तिच्यावरचं मोठं चर्च, खाली मालारच्या बाजूची भातखाजनं (बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेली सखल भातशेतं), बांध आणि पाणी आत-बाहेर करणारी मानस. हे बेट ख्रिस्ती आहे आणि शतकानुशतकं आहे, ही गोष्ट आमच्यासारख्यांनी विसरता कामा नये. त्याच बेटावर सप्तकोटेश्वराचं मूळ देऊळ होतं. सोळाव्या शतकात ते पाडलं गेलं, देव नदीपार नार्वेला गेला आणि तिथलं देऊळ शिवाजी महाराजांनी १६६८ मध्ये पुन्हा उभारलं. या मातीत नवीन फलक लावणं म्हणजे जुनी जखम चाचपणं. पौलाने रोमकरांस लिहिलं आहे की दुसऱ्याने घातलेल्या पायावर आपण बांधू नये, असा त्याचा बाणा आहे. आम्ही तेच धरून होतो: पॅरिशचा, म्हणजे तिथल्या कॅथलिक चर्चचा, एकही माणूस आपल्याकडे ओढायचा नाही, हिंदू शेजाऱ्यांच्या घरी पत्रकं न्यायची नाहीत, उपासनेला येण्यासाठी कुणाला रेशन, फी, औषध यांतलं काही द्यायचं नाही. ज्यांना मराठीत उपासना हवी आहे आणि जी मिळत नाही, त्यांच्यापुरतंच यायचं.

म्हणून उपासनेसाठी घर बघण्याच्या आधी विगारांना, म्हणजे पॅरिशच्या मुख्य धर्मगुरूंना, भेटायचं ठरवलं होतं. मिस्सा संपल्यावर, अकराच्या सुमाराला, आधी फोन करून. हा क्रम उलटा झाला की काम बिघडतं: घरमालकाकडून बातमी चर्चमध्ये पोचते, तिथून पंचायतीत, आणि तोवर तिचा अर्थ बदललेला असतो. त्यांनी एकच विचारलं, "तुम्ही कुणासाठी येताय?" तीन घरांची नावं आणि गावं सांगितली. माणसं पुढ्यात ठेवली की बोलणं सोपं होतं. पंचायतीतही तीच माहिती दिली.

भाषेचा प्रश्न बाहेरून येणाऱ्यांना उमगत नाही. बेटावरचे हिंदू घरात कोंकणी बोलतात, पण आरत्या-भजनं मराठीत म्हणतात; कॅथलिकांची मिस्सा कोंकणीत. पेटी-टाळावर मराठी भजन ऐकू आलं तर शेजारी ते देवळातलं समजतील, आणि शब्द कळल्यावर आपल्याला चकवलं असं वाटू शकतं. गोव्यात ख्रिस्ताची मराठी काही नवी नाही. फादर स्टीफन्स यांचं ख्रिस्तपुराण १६१६ मध्ये इथेच छापलं गेलं. तरी भिंतीला भिंत लागून राहणाऱ्याला आधी जाऊन सांगणं हेच खरं.

घर पाहिलं ते नगरच्या एका कुटुंबाचंच, भाड्याचं. पुढची खोली दहा बाय चौदा. जमिनीवर सतरंजीवर बसलेल्या माणसाला सात-आठ चौरस फूट लागतात, पेटी आणि बोलणाऱ्याची जागा सोडून पंधरा माणसं मावतील. कौलांखाली छत नसलं की आवाज वरून निघून वाड्याभर जातो. एकाने आत भजन म्हटलं, दुसरा बाहेर पावलं मोजत गेला. चाळीस पावलांवर शब्द कळत होते. ध्वनिवर्धक तर नकोच, टाळही कमी करावे लागतील. शौचालय घराच्या मागे, वाट ओली. म्हाताऱ्या माणसांसाठी तिथे दोन फरश्या टाकाव्या लागतील. मालकाची लेखी संमती हवी, भाडेकरार अकरा महिन्यांचा आणि पोलिसांकडची भाडेकरू पडताळणी पुरी झालेली हवी. याच बाजूचं दुसरं एक घर मोठं आणि स्वस्त होतं, पण जोतं खाजनाच्या पातळीला. भिंतीला गुडघाभर ओल चढलेली. पावसाळ्यात पेटीचे सूर तिथे टिकणार नाहीत.

जागा विकत घेण्याचा विषय आम्ही लगेच बाजूला ठेवला. बेटावरची बरीचशी मोकळी जमीन शेतीची किंवा खाजनाची आहे. २०२३ च्या कायद्याने भातशेतीची जमीन शेतकरी नसलेल्याला घेता येत नाही. बांधकामाला रूपांतराची सनद लागते. किनारी क्षेत्राचे नियम वेगळेच. बंद पडलेली जुनी घरं मोहात पाडतात, पण त्यांचे वारस मुंबईत, लिस्बनला, लंडनला पसरलेले, आणि गोव्याच्या नागरी कायद्यात प्रत्येक विवाहित वारसाबरोबर त्याच्या जोडीदाराचीही सही लागते. पंधरा माणसांच्या मंडळीने वीस सह्यांच्या मागे लागू नये.

दफनाचा प्रश्न पाहणीत बहुतेक राहून जातो. आम्ही तो यादीत सगळ्यात वर ठेवला होता. बेटावरच्या दफनभूमी पॅरिशच्या आहेत. आमच्यातलं कुणी गेलं तर शवपेटी फेरीबोटीने पार करून पणजीला आणावी लागेल, आणि रात्री फेऱ्या विरळ असतात. तिन्ही घरांना हे स्पष्ट सांगितलं. आजींनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "मग ओहोटीला नका नेऊ मला."

संध्याकाळी साडेपाचला आम्ही परतलो, ते नार्वेच्या बाजूने. तिथली दोन घरं याच फेरीने ये-जा करणार. पाणी पुन्हा तळाला गेलेलं, लहान मुलाला कडेवर घेतलेल्या बाईला उतारावरून वर जायला दोघांचा आधार लागला. म्हणजे बेटावर दुपारी चारची घरसभा (घरातच भरणारी छोटी उपासना) ठेवली, तर पौर्णिमेच्या रविवारी परतीची वेळ बरोबर वाईट ओहोटीत पडते. अष्टमीच्या रविवारी तीच वेळ भरतीजवळ.

वडीलमंडळाला अहवाल दिला तो असा: आत्ता मंडळी लावू नये, घरसभा लावावी. महिन्यातून दोनदा, पण दुसरा-चौथा रविवार असं न धरता अष्टमीच्या जवळचा रविवार पंचांगात बघून. प्रभुभोजन तिथेच. ऑगस्टच्या चौथ्या शनिवारी बोंदेराम हा बेटावरचा झेंड्यांचा उत्सव असतो, त्या आठवड्यात फेरीबोटीला जागा नसते, तेव्हा सभा नाही. पावसात नदीला ओढ असली तर सेवकाने आदल्या संध्याकाळीच बेटावर मुक्काम करावा. सहा महिन्यांनी हजेरी पाहून पुढचं. पणजीच्या वहीत आता तारखेशेजारी तिथीचा रकाना आखला आहे.