पेट्रोलचे पैसे कुठून आले

दोन-तीन दिवस डोक्यात एकच बाई घोळतेय, जॉर्जिया गिलमोर. अमेरिकेतल्या माँटगोमेरी शहरात काळ्या लोकांनी बसमधल्या भेदभावाविरुद्ध बसने जाणंच बंद केलं होतं, त्या बस बॉयकॉटचं काहीही वाचायला घेतलं की गोऱ्यासाठी सीट न सोडणाऱ्या रोझा पार्क्स येतात, २६ वर्षांचे मार्टिन ल्यूथर किंग येतात, यायलाच पाहिजेत, पण ५ डिसेंबर १९५५ ला सुरू झालेलं ते प्रकरण ३८१ दिवस चाललं हो, लोकांना कामावर तर जावंच लागत होतं, मग बसऐवजी त्यांना नेणाऱ्या शेकडो गाड्या रोज फिरवायच्या तर पेट्रोल, टायर, रिपेरिंग हे सगळं कोण भरत होतं?

त्यातला बराच पैसा स्वयंपाकघरांतून आला.

जॉर्जिया एका लंच काउंटरवर स्वयंपाकीण होती आणि बरोबरीने सुईणीचं कामही करायची, घरात पोरंबाळं. बॉयकॉटच्या आधीच, ऑक्टोबरमध्ये, एका ड्रायव्हरने तिला पुढून पैसे घेऊन खाली उतरून मागच्या दाराने चढ म्हणून सांगितलं, आणि ती मागे जाईपर्यंत बस घेऊन निघून गेला. पैसे घेऊन! तेव्हापासून तिने बसमध्ये पाय ठेवला नाही. म्हणजे पुढाऱ्यांनी हाक द्यायच्या आधीच ह्या बाईचा बॉयकॉट सुरू झाला होता, आणि अशा किती असतील.

मग तिने ओळखीच्या बायका गोळा केल्या. चिकन तळायचं, सँडविच, पाय, केक करायचे, ब्युटी पार्लरमध्ये, टॅक्सी स्टँडवर, दारोदार विकायचे, आणि आलेले पैसे बॉयकॉटच्या सोमवारच्या सभेत जाऊन द्यायचे. ग्रुपचं नाव 'क्लब फ्रॉम नोव्हेअर', म्हणजे कोणी विचारलंच पैसे कुठून आले तर खरं उत्तर देता येईल, कुठूनच नाही. कोणी काय केलं, कोणी किती दिले हे फक्त जॉर्जियाला माहीत. ह्या बायका गोऱ्यांच्या घरी कामाला जायच्या, नाव फुटलं असतं तर दुसऱ्या दिवशी नोकरी गेली असती.

तिची स्वतःची गेलीच. मार्च १९५६ मध्ये बॉयकॉट चालवल्याबद्दल किंगवर भरलेल्या खटल्यात तिने उभं राहून तो बसचा किस्सा सांगितला, आणि कामावरून काढलं. किंगनीच तिला सुचवलं की घरीच खानावळ सुरू कर, सुरुवातीला पैसेही दिले. मग तिच्या घरी कार्यकर्ते जेवायला, मीटिंगाही तिथेच टेबलाभोवती.

ज्या केसमुळे कोर्टाने बसमधला भेदभाव बंद केला, तिच्यातही बायकाच होत्या, ऑरेलिया ब्राउडर, सुझी मॅकडोनाल्ड, मेरी लुईझ स्मिथ, आणि क्लॉडेट कॉल्विन, जी रोझा पार्क्सच्या नऊ महिने आधी १५ व्या वर्षी सीटवरून न उठल्याबद्दल पकडली गेली होती.

पण मला सगळ्यात जास्त राग आला तो पुढच्या गोष्टीचा. गिलमोरच्या मुलाला १९५७ मध्ये फक्त गोऱ्यांसाठी असलेल्या ओक पार्कमधून जाताना पोलिसांनी मारहाण केली, तिने शहरावर केस केली, तर शहराने काय करावं? काळ्यांना आत घेण्यापेक्षा १९५९ मध्ये सगळी पार्कंच बंद करून टाकली. सगळी! आपल्या पोरांची खेळायची जागा गेली तरी चालेल पण शेजारी काळं मूल नको. कोर्टाची ती भांडणं १९७४ पर्यंत चालली आणि त्यातही नाव हिचंच, गिलमोर विरुद्ध सिटी ऑफ माँटगोमेरी.

क्लबमधल्या बाकीच्या बायकांची नावं शोधतेय. फार थोडी सापडतात. गुपित इतकं नीट पाळलं की आज त्यांचे आभार मानायचे तर कोणाचे मानायचे तेच कळत नाही, आणि तरी शोधत राहणार आहे मी.