सात सेकंदांचा घोळ : घाटमाथ्यावरची लघुग्रह-वही, 2025

लघुग्रहांचे फोटो काढून त्यांची आकाशातली जागा मोजायला वर्षभरात मळ्यावर सामान लावलं अशा रात्री 37. त्यातल्या कामाच्या 19. बाकीच्या ढग, दव, लाइट आणि माझा स्वतःचा बावळटपणा यांनी वाटून घेतल्या. यंदाचं लिखाण मुख्यतः त्या चौथ्या कारणाबद्दल आहे, कारण त्यातूनच सगळ्यात जास्त शिकलो.

नवीन मंडळींसाठी थोडक्यात. दुकान विट्यात, मोटर रिवाइंडिंगचं. मळा रेणावीच्या बाजूला. आठ इंची एफ/4 न्यूटोनियन दुर्बीण, 533 मोनो (कृष्णधवल) कॅमेरा, दोन-दोन बिनिंग (चार पिक्सेलांचा मिळून एक), म्हणजे एका पिक्सेलला साधारण 1.9 आर्कसेकंद (आर्कसेकंद म्हणजे अंशाचा 3600 वा भाग). आकाश अजून बरं आहे. दक्षिणेला लांबवर पवनचक्क्यांचे लाल दिवे एका लयीत मिचकतात तेवढं सोडलं तर. टेंभूचं पाणी आल्यापासून मात्र दव वाढलंय. पूर्वी इथे कुसळं होती, आता तिन्ही बाजूंनी ऊस. पाणी आलं याचा आनंद आहेच, पण रात्री एकला दुर्बिणीचा दुय्यम आरसा दवाने पांढरा होतो तेव्हा जुना दुष्काळ आठवतो. त्यावर उपाय म्हणून आरशामागे निक्रोमच्या, म्हणजे हीटरच्या तारेची चकती चिकटवली आणि ट्रॅक्टरच्या बॅटरीवर जोडली. तार दुकानातलीच. पहिल्या रात्री तापमान एवढं चढलं की सगळे तारे शेपटीवाले आले. आता मध्ये रेग्युलेटर आहे आणि हाताला जेमतेम कोमट लागेल इतकंच ठेवतो.

डिसेंबर 2024

सुरुवात शिस्तीत केली. मंगळ-गुरूमधल्या मुख्य पट्ट्यातले, नंबर मिळालेले, कक्षा पक्की असलेले लघुग्रह घेतले. अ‍ॅस्ट्रोमेट्रिका या सॉफ्टवेअरात गाया कॅटलॉग (ताऱ्यांच्या अचूक जागांची यादी) लावून स्थानं मोजली, मग फाइंडऑर्ब या कक्षा काढणाऱ्या प्रोग्राममध्ये टाकून अपेक्षित जागेशी फरक बघितला. 0.2, 0.3, कधी 0.4 आर्कसेकंद. गडी खूश. वहीत चक्क ‘सिस्टीम तयार’ असं लिहिलंय. त्या पानाचा फोटो इथे टाकणार नाही.

9 जानेवारी 2025

887 अलिंडा हा लघुग्रह. 1918 साली माक्स वोल्फने शोधलेला, सुमारे सव्वाचार किलोमीटरचा धोंडा. 8 जानेवारीला तो पृथ्वीपासून 1 कोटी 23 लाख किलोमीटरवरून गेला. इतक्या मोठ्या आकाराचं जवळून जाणारं गिऱ्हाईक आपल्याला क्वचित मिळतं. प्रत (तेजाचा अंक, जितका लहान तितकं तेज जास्त) साडेनऊच्या आसपास, म्हणजे आठ इंचीला अगदी दिवाळी. मिथुनेत होता, पुनर्वसूच्या जोडीच्या परिसरात. चंद्र चांगला मोठा होता, पण या प्रतीला फरक पडला नाही.

पाच-पाच सेकंदांच्या 60 फ्रेम घेतल्या. ब्लिंक केलं, म्हणजे फ्रेम एकामागोमाग झटपट दाखवल्या, तर ताऱ्यांच्या गर्दीतून एक ठिपका सरळ चालत निघालेला. मुख्य पट्टेवाले मिनिटाला अर्धा आर्कसेकंद सरकतात. हा मिनिटाला आठ. फ्रेम 23 पूर्ण पांढरी, कारण शेजारच्या अण्णांचा पाण्याचा वार होता. त्या आठवड्यात थ्री-फेज रात्रीची, आणि अण्णा कपाळाला बॅटरी लावून ऊस पाजायला निघालेले. हाक मारली की माणूस हाकेच्या दिशेने बघतो, आणि बॅटरीही. ‘‘झोपला न्हाईस व्हय अजून?’’ म्हणत फ्रेम 24 पण घालवली.

दुसऱ्या दिवशी मोजणी केली आणि पोटात गोळा आला. सगळ्या फ्रेममध्ये अलिंडा असायला हवा त्याच्या पुढे होता. साधारण 0.9 आर्कसेकंद, म्हणजे अर्धा पिक्सेल. तोही वेडावाकडा नाही, तर नेमका ज्या दिशेने चालला होता त्याच दिशेने पुढे. आडव्या दिशेने फरक शून्याला टेकलेला.

इथे माझे चार दिवस गेले. आधी माउंटवर, म्हणजे दुर्बीण फिरवणाऱ्या स्टँडवर संशय, म्हणून गिअर उघडून ग्रीस बदललं. शुद्ध मूर्खपणा, कारण तारे आणि लघुग्रह एकाच फ्रेममध्ये असतात. माउंट हललं तर सगळेच हलतात. मग कोमा करेक्टरवर, म्हणजे कडेचे तारे ठिपक्यासारखे आणणाऱ्या काचेवर संशय. कॅमेरा 90 अंशांत फिरवून पुन्हा फोटो काढले, तरी फरक लघुग्रहाच्याच वाटेवर. कॅमेरा फिरवल्यावर जो फरक फिरत नाही तो काचेत नसतो.

मग उरलं काय? घड्याळ. अलिंडा सेकंदाला 0.13 आर्कसेकंद चालतो. 0.9 भागिले 0.13. उत्तर येतं सात.

मळ्यावर रेंज नाही. लॅपटॉप तिथेच पेटीत असतो, नेटला लावून महिना उलटलेला. मोबाइलवर जीपीएसची वेळ दाखवणारं अ‍ॅप उघडून लॅपटॉपशेजारी धरलं: लॅपटॉप पुरता सात सेकंद मागे. तो फ्रेमवर खऱ्यापेक्षा आधीची वेळ छापत होता, आणि बिचारा अलिंडा माझ्या कागदावर पुढे पळालेला दिसत होता.

आणि डिसेंबरात हे का दिसलं नाही? सात सेकंदांत मुख्य पट्ट्यातला लघुग्रह 0.06 आर्कसेकंद सरकतो. माझ्या मोजणीच्या धुरळ्यात ते कुठे दिसणार. हळू चालणाऱ्यावर तपासलेलं घड्याळ तपासलेलं नसतं, हे वहीच्या पहिल्या पानावर लाल पेनाने लिहून ठेवलंय. तुमच्यापैकी जे कोणी पट्टेवाल्यांवर हात बसवून थेट जवळच्यांकडे वळणार आहेत त्यांनीही लिहून घ्या.

जानेवारी-फेब्रुवारी : वायआर4

याच सुमाराला दुकानात मोटरीपेक्षा 2024 वायआर4 या लघुग्रहाची चौकशी जास्त होऊ लागली. ‘‘काय ओ, ते दगूड मुंबईवर पडणार हाय म्हनं, खरं?’’ तारीखही पाठ: 22 डिसेंबर 2032. टीव्हीवाल्यांनी मुंबईला गोल काढून दाखवलेला. खरा पट्टा पूर्व पॅसिफिकपासून दक्षिण अमेरिकेचा उत्तर भाग, अटलांटिक, आफ्रिका, अरबी समुद्र ते दक्षिण आशिया असा लांबलचक होता.

आपल्याला तो दिसण्याचा प्रश्नच नव्हता. 25 डिसेंबर 2024 ला तो पृथ्वीजवळून निघून गेला आणि 27 ला चिलीतल्या अ‍ॅटलास दुर्बिणीला सापडला. म्हणजे पाहुणा दारावरून गेल्यावर पाठमोरा ओळखला. नंतर तो फिकट होतच गेला आणि मोठ्या दुर्बिणींचा विषय झाला. पण आकडे मी रोज वहीत घेत होतो. 27 जानेवारीला टोरिनो पट्टीवर (धोक्याची 0 ते 10 अशी पट्टी) 3. आदळण्याची शक्यता नासाच्या हिशेबाने 18 फेब्रुवारीला 3.1 टक्के. 19 ला 1.5. 20 ला 0.28. 24 ला 0.004 आणि टोरिनो शून्य.

लोकांना पटत नव्हतं ते हे की, मोजमापं वाढतील तसा धोका चढत का गेला आणि मग एकदम कोसळला कसा? ‘दाबलं’ म्हणणारे दोघे-तिघे भेटलेच. त्यांना मी म्हशीचं सांगितलं. रात्री म्हैस सुटली. गावातून दहा वाटा फुटतात, त्यातली एक तुमच्या उसाला जाते. तुमच्या उसात म्हैस असण्याची शक्यता दहात एक. पोरं पाच वाटा बघून आली, तिकडे नाही. आता तुमची शक्यता पाचात एक. म्हैस तुमच्याकडे सरकलेली नाही, बाकीच्या वाटा कमी झाल्यात. आणखी तीन वाटा बघितल्या की दोनात एक, तुमचा जीव वर. तेवढ्यात फोन येतो, म्हैस दुसऱ्याच वाटेवर चरतीय. शक्यता शून्य. लघुग्रहाच्या बाबतीत पोरं म्हणजे मोजमापं, आणि 2032 मधल्या संभाव्य जागांची लांब पट्टी आक्रसत असताना पृथ्वी बराच काळ तिच्या आत राहिली आणि मग बाहेर पडली, एवढंच.

2004 च्या डिसेंबरात अपोफिस या लघुग्रहाचंही असंच झालं होतं. तो 2.7 टक्के आणि टोरिनो 4 पर्यंत चढला, तो आजवरचा सर्वांत वरचा अंक. 2021 मधल्या रडार मोजणीनंतर पुढची निदान शंभर वर्षं त्याच्यापासून धोका नाही हे नक्की झालं.

मला या सगळ्यात माझे सात सेकंद टोचत राहिले. एखादं पोर न बघताच ‘त्या वाटेला नाही’ म्हणून सांगत आलं तर? मोजमापच न पाठवणारा निरीक्षक परवडला; चुकीच्या वेळेचं मोजमाप छातीठोकपणे पाठवणारा नको.

वायआर4 ची पुढची गोष्ट: अवकाशातल्या वेब दुर्बिणीने आकार सुमारे 60 मीटर सांगितला, आणि मे महिन्यातल्या तिच्या निरीक्षणांनंतर 2032 ला चंद्रावर आदळण्याची शक्यता 3.8 वरून 4.3 टक्क्यांवर गेली. म्हैस परत सुटली म्हणा.

मार्च ते मे

घड्याळ अचूक राहावं म्हणून जीपीएस मॉड्यूल बसवलं. दर सेकंदाला एक ठोका देणारी वायर लॅपटॉपच्या सिरियल पोर्टला. जुना लॅपटॉप टाकून दिला नाही त्याचं सार्थक झालं, नव्यांना हे पोर्टच नसतं. अँटेना विहिरीच्या पंपघराच्या पत्र्यावर.

मग खरी परीक्षा: जीपीएसच्या उपग्रहांचेच फोटो. ते 20,200 किलोमीटर उंचीवर असतात आणि डोक्यावरून जाताना सेकंदाला 30-40 आर्कसेकंद पळतात. त्यांची जागा अचूक माहीत असते, त्यामुळे घड्याळातली सेकंदाच्या दहाव्या हिश्शाची चूकही लपत नाही. माझी निघाली 0.3 सेकंद. सॉफ्टवेअर एक्स्पोजर सुरू झाल्याची वेळ लिहीत होतं ती कॅमेऱ्याला आज्ञा दिल्याची, प्रत्यक्ष सुरू झाल्याची नव्हे. ती दुरुस्ती आता मोजणीत घालतो, शिवाय वेळ नेहमी एक्स्पोजरच्या मध्याची. हे सगळ्यांना माहीत असतं म्हणतात, मला नव्हतं.

पावसाळा

सामान विट्यात आणलं. भाचीच्या शाळेत आयएएससीच्या (विद्यार्थ्यांकडून लघुग्रह शोधून घेणारा उपक्रम) मोहिमेला मदत केली. पॅन-स्टार्स दुर्बिणीचे चार-चार फोटोंचे संच, त्यात हलणारा ठिपका शोधायचा. पोरांची नजर आपल्यापेक्षा तेज. पेपरवाल्यांना मात्र हात जोडून सांगतो, प्राथमिक नोंद म्हणजे शोध नव्हे. बहुतेक ठिपके मुख्य पट्ट्यातले असतात आणि कक्षा पक्की होऊन नंबर पडायला वर्षं लागतात.

सप्टेंबर 18 ला 2025 एफए22 हा लघुग्रह जाणार होता, चंद्राच्या दुपटीहून थोड्या जास्त अंतरावरून. मार्चमध्ये सापडल्यावर 2089 साठी टोरिनो 1 वर होता, नंतर धोक्याच्या यादीतून उतरला, आणि जगभरच्या निरीक्षकांनी सरावासाठी तोच धरला. मला सरावाला याहून चांगला मिळणार नव्हता. सगळं मळ्यावर नेलं. आकाश पिठलं कालवावं तसं. तीन रात्री खाटेवर बसून बेडूक ऐकले.

नोव्हेंबर-डिसेंबर

इरॉस हा लघुग्रह दहाव्या प्रतीच्या आसपास आला होता, साधारण सहा कोटी किलोमीटरवर. 1898 मध्ये सापडलेला, पृथ्वीजवळ येणाऱ्यांतला पहिला. फरक 0.2 च्या आत. पण हा हळू चालतो, त्यामुळे या आकड्यावर मी नाचलो नाही. त्याच रात्री पुन्हा दोन जीपीएस उपग्रह पकडले. उरलेली चूक 0.04 सेकंद.

मायनर प्लॅनेट सेंटरच्या (जगभरची लघुग्रहांची मोजमापं इथे जमा होतात) स्टेशन कोडसाठी, म्हणजे मळ्याला निरीक्षण-ठिकाण म्हणून नंबर मिळावा म्हणून, नंबरवाल्या लघुग्रहांच्या दोन रात्री झाल्यात. अक्षांश-रेखांश-उंची तीनदा घेतली. एक रात्र अजून हवी असं वाटतंय, कारण दुसऱ्या रात्री वारा होता. पुढच्या अमावस्येच्या आसपास ती झाली की एडीईएस फाइल (मोजमापं पाठवायचा ठरलेला नमुना) पाठवतो.

अण्णांना परवा अपोफिसचं सांगितलं. 2029 मध्ये आपल्या घड्याळात 14 एप्रिलच्या पहाटे 3 वाजून 16 मिनिटांनी तो जमिनीपासून 32 हजार किलोमीटरवरून जाईल, टीव्हीच्या उपग्रहांच्याही आतून. बाबासाहेबांची जयंती, त्यामुळे आदल्या रात्री गाव जागंच असणार. अण्णांनी थोडा विचार केला. ‘‘त्या हप्त्याला लाइट रात्रीची हाय का दिवसाची, ते बघ आधी.’’