रेग्युलेटरमधलं तिकीट

जुलैचा दुसरा रविवार जावा-येझदी मोटरसायकलवाल्यांचा. त्याच्या आधीच्या आठवड्यात माझ्या गॅरेजसमोर म्हाताऱ्या गाड्यांची ओपीडी लागते. कुणाचा हॉर्न बसलेला, कुणाचा मागचा दिवा मुका. त्या शुक्रवारी सकाळी शटर अर्धंच वर गेलं होतं, तर साहेब गाडी ढकलत हजर. १९६८ ची जावा २५०, म्हैसूरची, मरून रंगाची. टाकीवर बोट ठेवायलाही माणूस बिचकेल अशी ठेवलेली.

साहेब बँकेतून रिटायर झालेले. हातात छोटं खोकं, त्यात बाहेरून मागवलेला इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर, म्हणजे डायनॅमोच्या विजेला आवर घालणारा डबा. म्हणाले, "चार वर्षांत तीन बॅटऱ्या गेल्या, आणि आता चार्जिंगचा लाल दिवा विझतच नाही. हा बसवा. पण भोक पाडायचं नाही, वायर कापायची नाही. गाडी फॅक्टरीतून आली तशी आहे, कुणी हात लावलेला नाही."

एवढं ठामपणे कुणी सांगितलं की माझ्या मनात पाल चुकचुकते. पण गिऱ्हाइकाशी सकाळी सकाळी कोण वाद घालणार.

या गाड्यांचं दुखणं समजायला पगार आणि खर्च मांडायचा. इंजिनावर फिरून वीज करणारा डायनॅमो सहा व्होल्टचा, ४५ वॉटचा. म्हणजे सगळं ठणठणीत असलं तर साडेसात अँपिअर. पुढचा बल्ब २५ वॉटचा, तो चार खातो. इग्निशन कॉइलला दोन-तीन. मागचा दिवा जवळपास एक. झाला की पगार संपला! ब्रेक दाबला, हॉर्न मारला की उधारी, ती बॅटरीकडून. आणि हा पगार इंजिन चांगलं फिरत असेल तेव्हाचा. सिग्नलला उभं राहिलं की तोही बंद.

बारा व्होल्ट करता येतं. डायनॅमो तोच ठेवून रेग्युलेटर बदलायचा. पण मग चार्जिंग सुरू व्हायला इंजिन जवळजवळ दुप्पट फिरवावं लागतं, आणि लक्ष्मी रोडवर ते कुठे फिरणार? शिवाय बल्ब, हॉर्न, कॉइल सगळंच बदला. दुसरा रस्ता म्हणजे डायनॅमो काढून चुंबकवाला आख्खा किट. खरं सांगायचं तर मूळ मालाला धक्का न लावणारं काम तेच. सगळं नट-बोल्टवर बसतं, डायनॅमो फडक्यात गुंडाळून कपाटात ठेवायचा, उद्या वाटलं तर परत लावायचा. पण डायनॅमो गाडीबाहेर हे ऐकूनच साहेबांचा चेहरा पडला. तेव्हा सहा व्होल्टच, फक्त रेग्युलेटर नवा.

बसवला. वायर न कापता टोकांना थिंबल, म्हणजे धातूची टोपणं लावून जोडतुकडे केले. जुन्या बाजारातून कधीतरी उचललेला एक मोडका रेग्युलेटर होता, त्याचं झाकण वर चढवलं. बाहेरून ओळखू येणार नाही असं काम. किक मारली, रेस केली. लाल दिवा जसाच्या तसा.

तीस वर्षं हेच करतोय, आणि पहिला नियम मीच मोडला होता: आधी डायनॅमो स्वतः काही देतोय का ते बघ, मग रेग्युलेटरच्या नावानं खडे फोड. नवा डबा दिसला की हात शिवशिवतात, दुसरं काय. आता रेग्युलेटर बाजूला ठेवून फील्ड, म्हणजे डायनॅमोतलं चुंबकत्व तयार करणारी कॉइल, थेट जोडली आणि मीटर लावला. काटा जेमतेम हलला.

उजव्या बाजूचं गोल झाकण उघडलं. कार्बन ठीक, पण ते ज्यावर घासतात तो तांब्याच्या पट्ट्यांचा कॉम्युटेटर काळाठिक्कर. आर्मेचर, म्हणजे डायनॅमोचा फिरणारा भाग, क्रँकच्या टोकावर निमुळतं बसतं. त्याला हातोडी लावणाऱ्याला मी गॅरेजमध्ये उभा करत नाही. मधला बोल्ट काढून पुलरचा बोल्ट आत फिरवत जायचं, टक्कन आवाज येतो आणि ते सुटतं. सुटलं. पोराला टॉर्च धरायला सांगितला आणि स्टेटरच्या, म्हणजे बाहेरच्या न फिरणाऱ्या भागाच्या आत डोकावलो.

आतल्या बाजूला चांदीचे थेंब. सरळ रांगेत, गोल, मोहरीएवढे. बोटानं खरवडला तर मऊ. कथील!

आर्मेचरच्या तारा कॉम्युटेटरला कथलानं झाळलेल्या असतात. ते वितळून फिरता फिरता बाहेर उडालं होतं. म्हणजे डायनॅमोनं ताकदीबाहेर करंट दिला होता, तोही बराच काळ. बॅटरीच्या खालचा पत्रा बघितला तर रंग ॲसिडनं खाल्लेला. बॅटऱ्या उपाशी मेल्या नव्हत्या, त्या उकळून मेल्या होत्या. चार वर्षं सगळे चार्जिंग कमी पडतंय म्हणत होते, आणि गाडीला अजीर्ण झालं होतं.

मग जुना रेग्युलेटर टेबलावर घेतला. आत दोन कॉइल, वर स्प्रिंगच्या पट्ट्या. व्होल्टेज ठरलेल्या आकड्याला पोचलं की पट्टी खेचली जाते आणि फील्डचा जोर कमी होतो. स्प्रिंग जितकी ताठ तितकं व्होल्टेज जास्त. आणि एका स्प्रिंगखाली काहीतरी खोचलेलं होतं. चिमट्यानं काढलं. तेलकट, तपकिरी, चार घड्या घातलेला कागद. उलगडला तर पीएमटीचं, म्हणजे पुण्याच्या जुन्या सिटी बसचं तिकीट. पैशांचा आकडा पुसलेला.

साहेब तिकिटाकडे बघतच राहिले. "कुठल्या मेकॅनिकनं केलं हे?" मला म्हणाले, जणू मीच केलंय. मग घरी फोन लावला, वडिलांना विचारायला.

आर्मेचर तोवर गल्लीतल्या वाइंडिंगवाल्याकडे. तारा शाबूत निघाल्या हे नशीब. त्यानं जोड नव्यानं झाळले, लेथवर कॉम्युटेटर हलकासा घासून घेतला. तांब्याच्या पट्ट्यांमधला अभ्रक मात्र मी स्वतः खरवडतो. हॅकसॉचं पातं घासून बारीक केलेलं आहे, त्यानं एकेक खाच. अभ्रक वर राहिला तर कार्बन उड्या मारतो. कंटाळवाणं काम, पण हात ओढून चालत नाही.

पाच वाजता रिक्षातून आजोबा उतरले. ऐंशीच्या पुढचे, हातात छत्री. टेबलावरचं तिकीट बघितलं आणि म्हणाले, "मीच घातलं होतं. पिंपरीला सेकंड शिफ्ट असायची. रात्री येताना लाइट इतका पिवळा की दापोडीच्या पुलावर खड्डा दिसायचा नाही. कंपनीतल्या एका फिटरनं सांगितलं, स्प्रिंग जरा ताण. वाकवायची भीती वाटली, म्हणून तिकीट."

"बाबा, अहो डायनॅमो जळाला त्यानं!"

"माझ्या वेळी नाही जळाला."

तेही खरंच. ते चालवायचे तेव्हा दिवा चालू, भार जास्त, बॅटरीच्या वाट्याला कमी यायचं. मग वीस वर्षं गाडी वाड्याच्या बोळात उभी. पुढे साहेब ती फक्त रविवारी सकाळी, दिवा न लावता फिरवायचे. सगळी मलई बॅटरीला. मी हे समजावून सांगितलं. ते कुणाच्या बाजूनं लागलं कुणास ठाऊक, दोघंही गप्प झाले.

गाडी जोडली. रेस दिली, लाल दिवा विझला. बॅटरीवर मीटर ७.२ ला जाऊन थांबला, कितीही रेस केली तरी तिथेच. जुना रेग्युलेटर बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवला. साहेबांनी वर चिठ्ठी चिकटवली, 'मूळ रेग्युलेटर'. तिकीट कचऱ्यात टाकायला उचललं, तर आजोबांनी हातातून घेतलं, परत घडी घातली आणि डब्यात टाकलं. साहेब काही बोलले नाहीत.

अंधारून आलं होतं, पाऊस भुरभुरत होता. साहेबांनी पुढचा दिवा लावला. आजोबा छत्री उघडून चाकासमोर जाऊन उभे राहिले, भिंतीवरचा उजेड नीट बघितला.

"अजून पिवळाच आहे की रे."