रिप्रोड्यूस्ड इन हॅनोव्हर

सोमवार, रात्र

विसाव्या शतकाच्या आरंभीच्या हिंदुस्थानी तबकड्यांच्या लेबलावर तळाशी बारीक अक्षरांत एक ओळ सापडते : 'रिप्रोड्यूस्ड इन हॅनोव्हर'. १९०२च्या नोव्हेंबरात लंडनच्या ग्रामोफोन कंपनीचा मुद्रक फ्रेड गैसबर्ग याने कलकत्त्यात गौहरजानचं गाणं मुद्रित केलं. मेणाचे मूळ मुद्रण बोटीने जर्मनीला गेले आणि तबकड्या होऊन परत आल्या. १९०८मध्ये कलकत्त्याला सियालदात कारखाना निघेपर्यंत हाच रस्ता होता. तबकडीत घालायची लाखसुद्धा हिंदुस्थानच्या जंगलांतूनच परदेशी जायची.

ही कंपनी लंडनची आणि तंत्र अमेरिकेतलं. मग तबकड्या छापणारी दाबयंत्रं जर्मनीत हॅनोव्हरला का? कारण तिथे ग्रामोफोनचा शोध लावणाऱ्या एमिल बर्लिनरचा भाऊ राहत होता. ग्रामोफोनचा इतिहास पेटंटांच्या क्रमाने वाचला की हे निसटतं, नात्यांच्या क्रमाने वाचला की लगेच दिसतं.

मंगळवार

एमिलचा जन्म २० मे १८५१चा, हॅनोव्हरमधल्या ज्यू घरातला. वडील सॅम्युएल व्यापारी आणि तालमुद या ज्यू धर्मग्रंथाचे अभ्यासक. आईला गाण्याची आवड. भावंडं तेरा. चौदाव्या वर्षी शाळा संपली. मग काही काळ छापखाना, मग कापडदुकान. कापडदुकानातल्या उमेदवारीची चरित्रकार गंमत म्हणून नोंद करतात. मला छापखाना जास्त महत्त्वाचा वाटतो. का, ते उद्या लिहायचं आहे.

१८६६मध्ये प्रशियाने हॅनोव्हर गिळलं, सैन्यभरतीची टांगती तलवार आली. १८७०मध्ये घराच्या ओळखीतल्या एका व्यापाऱ्याने त्याला अमेरिकेला नेलं आणि वॉशिंग्टनच्या आपल्या दुकानात कामाला लावलं. पुढे न्यूयॉर्कला फिरतीची कामं, प्रयोगशाळेत बाटल्या धुणं, आणि संध्याकाळी कूपर इन्स्टिट्यूटमध्ये अभ्यास. इंजिनिअरची पदवी त्याने कधीच घेतली नाही.

१८७७मध्ये तारखात्यातल्या एका माणसाने त्याला सांगितलं की कळ घट्ट दाबली तर तारेतून प्रवाह जास्त जातो. एवढ्यावरून त्याने टेलिफोनचा ट्रान्समीटर केला. पडद्याला दुसरा धातू नुसता टेकलेला. आवाजाने पडदा हलला की दाब कमीजास्त, त्याबरोबर विजेला होणारा विरोध कमीजास्त आणि प्रवाहही. संपर्क फार घट्ट ठेवला तर बदल कळत नाही, फार सैल ठेवला तर प्रवाह तुटून खरखर येते. सगळी करामत त्या टेकण्यात आहे.

१८८१ हे साल ठळक : त्या वर्षी लग्न, अमेरिकेचं नागरिकत्व, आणि हॅनोव्हरला भाऊ जोसेफबरोबर टेलिफोनचा कारखाना. परदेशात पाय रोवला त्याच वर्षी मागच्या गावीही दुकान मांडलं.

बुधवार

ग्रामोफोनचं पेटंट ८ नोव्हेंबर १८८७चं. एडिसनच्या फोनोग्राफमध्ये आवाज नळकांड्यावर कोरत; तिथे सुई खालीवर हलून खोलीत फरक करायची. बर्लिनरची सुई डावीउजवीकडे हलते, खोली तीच राहते. त्यामुळे चरच सुईला पुढे नेतो, तिला सरकवायला वेगळा स्क्रू लागत नाही.

करायची रीत अशी. जस्ताचा पत्रा आरशासारखा घासायचा. पिवळं मधमाशीचं मेण किसून थंड बेन्झिनमध्ये मुरवायचं आणि वरचा निवळ द्रव पत्र्यावर ओतायचा. बेन्झिन उडून जातं, मेणाचा विरळ थर उरतो. हा थर जाड झाला तर सुई अडखळते आणि आवाज दबतो; पातळ झाला तर आम्ल नको तिथे आत शिरतं आणि वाजवताना टिकटिक येते. धुळीचा एक कण पडला तरी तेच. मुद्रण करताना सुई मेण खरवडून जस्त उघडं करते; तेव्हा पत्रा अल्कोहोलने ओला ठेवायचा, नाहीतर खरवडलेलं मेण सुईलाच चिकटतं. मग पाठीला व्हार्निश लावून पत्रा क्रोमिक आम्लात पाव तासाच्या आसपास बुडवायचा, म्हणजे उघड्या जस्तात चर खोदला जातो.

क्रोमिकच का? नायट्रिकसारख्या आम्लात जस्तावर वायूचे बुडबुडे उठतात, ते नाजूक मेणाला उचलून टाकतात. क्रोमिकमध्ये सुटणाऱ्या हायड्रोजनचं तिथल्या तिथे पाणी होतं, बुडबुडा येतच नाही.

या रीतीचं दुखणंही आम्लातच आहे. आम्ल खाली खातं तसं बाजूलाही खातं. चराच्या भिंती खडबडीत राहतात आणि गाण्यामागे सतत सळसळ ऐकू येते. पत्रा जास्त वेळ ठेवला तर शेजारचे दोन चर एकमेकांत मिसळतात. १९००च्या सुमारास अमेरिकेतल्या कॅमडेनच्या एल्ड्रिज जॉन्सनने सरळ मेणात कोरण्याची पद्धत पक्की केली आणि जस्त मागे पडलं.

पण खरी गोष्ट पुढची. त्या पत्र्यावर विद्युत मुलाम्याने धातू चढवून उलटा साचा काढायचा आणि त्या साच्याने हव्या तेवढ्या तबकड्या छापायच्या. नळकांड्यासाठी गायकाला तेच गाणं पुनःपुन्हा गावं लागे. इथे एकदा गायलं की काम संपलं. छापखान्यातल्या पोराला अक्षरांचे खिळे आणि ठसा माहीत असतो, कदाचित म्हणूनच त्याला हे सुचलं असावं. हा माझा तर्क.

गुरुवार

आज थोडंच. पहिल्या सात इंची तबकड्या कठीण रबराच्या होत्या. दाबताना मध्ये वायू अडकला की तेवढा भाग सपाट राहतो, चर उमटत नाही आणि गाणं तिथे गुळगुळीत घसरतं. १८९५मध्ये बटणं करणाऱ्या एका कारखान्याचा लगदा आला : चपडी लाख, दगडाची भुकटी, कापसाचे तंतू, काजळी. गरम असताना नरम, थंड झाला की कडक. सुतार पॉलिशला वापरतो तीच लाख.

सुरुवातीची यंत्रं हाताने फिरवायची, मिनिटाला सत्तरच्या आसपास फेरे. हात थोडा घाईत आला आणि सत्तरचे पंचाहत्तर झाले तर काळी एकमध्ये गायलेलं पांढरी दोनच्याही वर जातं. जॉन्सनची चावीची मोटर आल्यावरच गाणं आपल्या पट्टीत राहू लागलं.

रविवार

घराबद्दल. १८९८मध्ये लंडनच्या कंपनीला युरोपात तबकड्या हव्या होत्या. जोसेफच्या टेलिफोन कारखान्यात जागा होती. दाबयंत्रं बसवायला अमेरिकेहून नात्यातलाच तरुण जोसेफ सँडर्स आला. त्याच वर्षी डिसेंबरात डॉइचे ग्रामोफोन ही कंपनी उभी राहिली. १९००मध्ये विक्रीच्या भांडणात कोर्टाने एमिलला अमेरिकेतच ग्रामोफोन विकायला मनाई केली, तेव्हा धंदा मॉन्ट्रियलला गेला. तिथे पुढे हर्बर्ट आणि एडगर या मुलांनी कारभार पाहिला. हर्बर्टने १९१८मध्ये स्वतंत्र कंपनी काढली. धाकट्या हेन्रीने वडिलांबरोबर हेलिकॉप्टरचे प्रयोग केले आणि १९२२मध्ये कॉलेज पार्कच्या मैदानावर नौदलासमोर यंत्र उडवून दाखवलं.

मुलगी ॲलिस १९००मध्ये पोटाच्या आजाराने मरता मरता वाचली. कच्चं दूध हे कारण, असं एमिलने ठरवलं आणि पुढची वर्षं वॉशिंग्टनमध्ये दूध तापवून प्या म्हणून सांगत राहिला. आपल्याकडे न सांगता रोज होणाऱ्या गोष्टीसाठी त्याला वर्तमानपत्रांतून मोहीम चालवावी लागली. स्वतःच्या आईच्या, साराच्या नावाने त्याने संशोधन करणाऱ्या स्त्रियांसाठी फेलोशिप ठेवली. ३ ऑगस्ट १९२९ला तो गेला.

हॅनोव्हरला मागे राहिलेल्यांत एक भाऊ मॅनफ्रेड. तिथे त्याची व्यापारी शिक्षणाची शाळा होती. त्याची धाकटी मुलगी कोरा १८९०ची, अर्थशास्त्राची प्राध्यापक. १९३३मध्ये नाझी सत्तेवर आले आणि तिची सरकारी जागा गेली. मग बर्लिनमध्ये ज्यूंच्या मध्यवर्ती संघटनेत तिने स्थलांतराचा विभाग सांभाळला : कोणाला कुठल्या देशाचा व्हिसा मिळेल, कुठले कागद लागतील, हे बघायचं काम. ती स्वतः गेली नाही. जून १९४२मध्ये बर्लिनहून मिन्स्ककडे निघालेल्या गाडीत तिला चढवलं. ती परत आली नाही.