लॉटरीचं तिकीट: पैसे अडकले, छपाई उडाली

यूपीआयने पैसे देताना 'पेंडिंग' दिसलं तर लगेच दुसऱ्यांदा पाठवू नका. आधी बँकेची नोंद बघा. १२ आकडी यूटीआर क्रमांक (त्या व्यवहाराचा ओळख क्रमांक) टिपून ठेवा, तक्रारीला तोच लागतो. दुकानदाराचा स्पीकर बोलला नाही म्हणजे पैसे गेले नाहीत, असं नसतं.

मशीनवरून निघालेलं तिकीट थर्मल कागदाचं असेल तर जास्त जपा. त्यात शाई नसतेच, उष्णतेने अक्षर उमटतं. जळगाव-भुसावळच्या मे महिन्यात गाडीच्या काचेमागे ठेवलं की काळं पडलंच म्हणून समजा. लॅमिनेशन तर मुळीच नको! प्लास्टिकच्या पाकिटातही अक्षरं फिकी होतात. साध्या कागदी लिफाफ्यात ठेवा.

काउंटर सोडण्याआधी मालिका, क्रमांक, सोडतीची तारीख वाचा, दोन्ही बाजूंचा फोटो काढा. बारकोडवर घडी नको.