डाळीच्या पिशवीशेजारची बॅग

“काकू, चार दिवस पुण्यात राहता, फोटोत रोज वेगळ्या दिसता, अन् बॅग पाहाल तं पोट्ट्याच्या दप्तराएवढी. कसं जमते वो?”

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. हा प्रश्न मला बचत गटाच्या बैठकीत येतो, आर्वीच्या एसटीत येतो आणि दिवाळी झाली की जास्तच येतो. तुळशीचं लग्न लागलं की पुण्यात नोकरीला असलेल्या पोरांची साक्षगंधं, म्हणजे साखरपुडे, सुरू होतात आणि गावातून कोणी ना कोणी निघतंच.

बॅग बारकी असण्याचं कारण तुरीची डाळ आहे. स्लीपरच्या तिकिटावर रेल्वे ४० किलो सामान फुकट नेऊ देते, पण त्यातला माझ्या कपड्यांचा वाटा अगोदरच ठरलेला असतो: उरेल तेवढा. घरची डाळ, जवसाची चटणी, वाळवणातले सरगुंडे, आणि नोव्हेंबर असला तर अंबिया बहाराची संत्री. माझ्या बहिणीला पुण्यातल्या दुकानातली डाळ शिजत नाही. तिच्या शेजारणीला शिजते, पण ते जाऊ द्या. दोन्ही हात असे गुंतले की कपडे पाठीवरच्या सॅकमध्येच जाणार. मी कमी नेते ती एवढ्यासाठी, त्यात साधेपणाचं काही कौतुक नाही.

कमी कपड्यांत रोज वेगळं दिसायचं तर सगळ्या कपड्यांचं एकमेकांशी पटलं पाहिजे. मी दोन कुर्ते, दोन पँट, एक बिनबाह्यांचं जॅकेट, एक स्टोल आणि एक साडी नेते. कुठलाही कुर्ता कुठल्याही पँटवर गेला पाहिजे आणि जॅकेट दोन्हींवर. एकाच पँटवर शोभणारा कुर्ता कितीही देखणा असो, तो घरीच राहतो. एखादीकडे रेशमी हिरवा कुर्ता असतो, त्यावर तशीच सलवार, तशीच ओढणी, तशीच चप्पल. एका दुपारसाठी अर्धी बॅग गेली.

रंगाचं मात्र आपल्या गावांपुरतं वेगळं आहे. मोबाइलवर जो तो सांगतो की काळं घ्या, काळं कशावरही जातं. त्यांच्या घरात कापूस साठवलेला नसतो. आपल्याकडे दसऱ्याच्या आसपास सीतादही, म्हणजे कापसाच्या पहिल्या वेचणीची पूजा, होते आणि दिवाळीपर्यंत पहिला वेचा समोरच्या खोलीत येऊन पडतो. भाव बरा मिळेपर्यंत तो तिथेच. त्या घरातून काळा कुर्ता घालून निघालात की वर्धा स्टेशनावर पोचेपर्यंत तो पांढऱ्या तंतूंनी भरलेला असतो. मी मातकट, चहाच्या रंगाचं, गेरूसारखं तांबूस निवडते. तंतू लागला तरी डोळ्यात भरत नाही. न्यायचे कपडे कापूस घरात यायच्या आधीच धुऊन, प्रेस करून उशीच्या अभ्र्यात बंद करते. सॅकच्या बाहेरच्या कप्प्यात चिकटपट्टीचं रीळ ठेवा. कापडावर थापून ओढली की तंतू निघून येतात.

कापड म्हणाल तर खादी. ती घ्यायची वेळही बरोबर जुळून येते, कारण २ ऑक्टोबरपासून गांधी जयंतीची सूट सुरू होते. वर्ध्याला मगन संग्रहालयात नैसर्गिक रंगांत रंगवलेली खादी मिळते. हे संग्रहालय १९३८ साली खुद्द गांधीजींनी उघडलं. आपण बाहेरच्या पाहुण्यांना तिथे घेऊन जातो आणि स्वतःसाठी कापड भलतीकडून आणतो, हे मला कधी कळलेलं नाही. पुण्यात नोव्हेंबरची सकाळ १५ अंशांच्या आसपास असते आणि दुपार ३० च्या. सकाळी सातला भाच्याच्या गाडीवर मागे बसायचं आणि बाराला लक्ष्मी रोडवर चालायचं, तेही एकाच कुर्त्यात. हातसुताचा धागा कमी-जास्त जाडीचा, विणीत हवा धरून ठेवणारा. म्हणून खादी सकाळी ऊब देते आणि दुपारी घाम शोषते. गारठा वाटला तर वर जॅकेट, ऊन चढलं की ते पिशवीत. मुंबईला जाणार असाल तर जॅकेट नेऊच नका, तिथे त्या दिवसांत दुपारी ३३-३४ अंश असतात आणि वर चिकचिक.

खादी चुरगळते ही तक्रार खरी आहे. घडी न घालता गुंडाळी करा, पोचल्यावर ओल्या हातानं झटकून टांगा. अंगावरची चुरगळलेली खादी खपून जाते. मुडपलेली गळपट्टी खपत नाही, ती तेवढी प्रेस करा.

आता साडी, कारण साक्षगंधात नेसायला एक तरी भारी पाहिजेच. सुनेकडची सगळी मंडळी जरीत येणार हे धरून चाला. त्यांच्याशी जरीत स्पर्धा लावायची तर बॅग, पैसा आणि उसनी साडी मागायचा संकोच, तिन्ही लागतात. मी कोशाची करवतकाठी नेते. भंडाऱ्याकडे, मोहाडी-आंधळगावच्या मागांवर विणलेली. ऐन आणि अर्जुनाच्या झाडांवर वाढणाऱ्या कोशांचं हे रेशीम. न रंगवता त्याचा रंग मधासारखा असतो. काठ करवतीच्या दात्यांचा, अंग आणि काठ यांचे धागे एकमेकांत अडकवत वेगवेगळ्या धोट्यांनी विणलेला, म्हणून जोड कुठेच दिसत नाही. वजनाला हलकी, तळहाताएवढ्या जाडीची घडी, जुन्या मलमलीत गुंडाळली की सॅकच्या पाठीकडच्या बाजूला सपाट बसते. जरीच्या गर्दीत ती शांत उठून दिसते. मागच्या खेपेला नवऱ्या मुलीच्या आत्यानं काठाला हात लावून विचारलं, “ही कुठली हो?” भंडाऱ्याची म्हटल्यावर त्यांनी ती चेन्नईची नाही ना, असं दोनदा विचारून घेतलं. स्टोलही कोशाचाच ठेवला तर दुसऱ्या दिवशी साध्या कुर्त्यावर तो साडीचं काम करतो.

पण खादी असो की कोसा, अंगाला बसत नसेल तर सगळं पाण्यात. आपल्या बायांचे कुर्ते खांद्यावर उतरलेले आणि काखेत ढगळ असतात, कारण विकत घेताना “थोडा मोठाच बरा” म्हणून घेतलेले असतात. तालुक्याच्या टेलरकडून खांदा वर घ्या, बाही कोपराच्या खाली थांबवा, पँटची मोहरी घोट्याशी आणा. जुना कुर्ता नवा दिसतो. नव्या कपड्यापेक्षा मी या कामाला पैसे आधी देते. फक्त नवरात्रात जाऊन या. दसरा झाला की टेलर एकच उत्तर देतो, “दिवाळी झाल्यावर पाहू, काकू,” आणि मग तुमचं साक्षगंध ढगळ्या कुर्त्यात.

पायातलं तेवढं नीट सांगते, कारण माणसं तोंड पाहून झालं की पाय पाहतात. चालायचे बूट पायातच घालून निघायचं, सॅकमध्ये एक सपाट मोजडी. पुण्यात २०२४ च्या सप्टेंबरपासून मेट्रो मंडईपर्यंत जाते, म्हणजे तुळशीबागेत उतरल्यासारखंच. रिक्षा कमी झाली, पण चालणं वाढलं. उंच टाच नेऊन कोणाचं भलं झालेलं मी पाहिलं नाही. कोल्हापुरीचा मोह आवरा, परतीचा पाऊस लांबला आणि चामडं भिजलं की दोन दिवस ती वाळत नाही. बुटांच्या तळव्याला काळी माती असते ती आदल्या दिवशी ब्रशनं काढा, गाडीत पाय वर घेतले की समोरच्याला तीच दिसते.

दागिने नेऊच नका, कानातलं तुळशीबागेत घ्या. ट्रॉली बॅगही नको. आपल्या पांदणीवर, शेतातल्या कच्च्या वाटेवर, चाकं चालत नाहीत आणि स्टेशनच्या जिन्यावर ती कोणीतरी उचलावीच लागते. काकांचं काय, म्हणून विचारू नका. ते दोन पांढरे शर्ट नेतात आणि दोन्ही माझ्या सॅकमधल्या साडीखाली ठेवतात.

अंगावर काय घालून निघायचं तेवढं राहिलं. गाडी असो की ट्रॅव्हल्स, सगळी रात्र त्याच कपड्यांत काढायची असते, म्हणून ते सगळ्यांत जुने, मऊ आणि गडद, पण काळे नव्हे, मातकट. पांढरी पँट चुकूनही नको. ट्रॅव्हल्सच्या सीटचं कव्हर शेवटचं कधी धुतलं, ते त्याच्या मालकालाही सांगता यायचं नाही.