सापडली एकदाची!

आज दुपारभर कॉम्प्युटरवर एकच फाइल शोधत होते. आईच्या आठवणी टाइप करून ठेवल्या होत्या. फाइलचं नाव विसरले, पण त्यातली वाक्यं पाठ आहेत. शब्द टाकला की उत्तर एकच: काही सापडलं नाही. पोटात गोळाच आला.

मग कळलं, शोधताना कॉम्प्युटर दर वेळी सगळी डिस्क चाळत नाही. आधी बनवलेल्या सूचीत, म्हणजे इंडेक्समध्ये बघतो. मी फोल्डर डी ड्राइव्हवर हलवलं होतं आणि तो ड्राइव्ह सूचीतच नव्हता! तो जोडला, फाइलींच्या आतला मजकूरही घ्यायला लावला. सूची बनायला वेळ लागला (आपण काम करत असलो की ती मंदावते, म्हणून हातच लावला नाही). संध्याकाळी तोच शब्द टाकला, आणि पहिल्याच ओळीत फाइल. आधी पेनड्राइव्हवर प्रत घेतली, मग वाचत बसले.